पॉप-अप खिडकी अडली की उघडली, हे जावास्क्रिप्टने कसे ओळखावे

एप्रिलच्या मध्यावर देवगड तालुक्यातल्या बागांमधून हापूस उतरू लागला, की पेट्यांची मागणी थेट ग्राहकाकडून घेणाऱ्या संकेतस्थळांवरची वर्दळ एकाएकी वाढते. अशाच एका बागायतदारासाठी मी रत्नागिरीत बसून एक छोटे संकेतस्थळ तयार केले होते. ग्राहकाने पेट्यांची संख्या आणि पत्ता भरावा, ‘पावती पाहा’ हे बटण दाबावे आणि पावती वेगळ्या खिडकीत, म्हणजे पॉप-अपमध्ये, उघडावी, एवढाच त्यातला व्यवहार होता. माझ्या टेबलावर, ब्रॉडबँडच्या जोडणीवर, पावती प्रत्येक वेळी उघडत असे. बागायतदारांनी मात्र डोंगराच्या आडोशाला जेमतेम रेंज धरणाऱ्या फोनवरून तेच बटण दाबले, तेव्हा पडद्यावर काहीच हलले नाही. “तुमचा बटण चलना नाय,” असे त्यांनी मला फोन करून सांगितले, आणि तोवर त्यांनी ते चार वेळा दाबून झालेले असल्यामुळे सर्व्हरवर एकाच पेटीच्या चार नोंदी पडल्या होत्या.

बटण व्यवस्थित चालत होते. दाबल्याबरोबर कोड सर्व्हरकडे पावतीचा क्रमांक मागत होता आणि तो हाती आल्यावर खिडकी उघडू पाहत होता. बागेतल्या जोडणीवर क्रमांक यायला दहा-बारा सेकंद लागत. तोवर ब्राउझरच्या लेखी त्या खिडकीचा बटण दाबण्याशी काहीच संबंध उरत नसे, आणि तो ती निमूटपणे अडवत असे. माझ्या कोडने खिडकी उघडली की नाही हे विचारलेच नव्हते, त्यामुळे कोणाला काही सांगण्याचा प्रश्नच आला नाही. या एका प्रसंगात दोन चुका होत्या : अडवणूक ओळखली नव्हती, आणि ती टाळलीही नव्हती. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे. वाचकाला जावास्क्रिप्टमधले फंक्शन, ऑब्जेक्ट आणि बटणावरचा क्लिक हाताळणे एवढे माहीत आहे असे गृहीत धरले आहे. आज्ञांची आणि गुणधर्मांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

ब्राउझर कोणत्या नियमाने अडवतो

जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याची प्रथा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रायपॉड या संकेतस्थळावर सुरू झाली. पानावरच्या मजकुराशी जाहिरातदाराचे नाव जोडले जाऊ नये म्हणून जाहिरात स्वतंत्र खिडकीत दाखवावी, या हेतूने तेथील ईथन झुकरमन यांनी तो कोड लिहिला होता. २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. मधल्या काळात या खिडक्यांनी लोकांना इतके हैराण केले की ब्राउझर बनवणाऱ्यांनाच त्यांच्यावर बांध घालावा लागला. २००४ च्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये ही सोय आली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील फायरफॉक्स १.० मध्येही ती होती, आणि आज सर्व प्रमुख ब्राउझरांत ती मुळातच चालू असते.

नियम असा आहे : वापरकर्त्याने नुकतीच काही कृती केली असेल तरच पानाला नवी खिडकी उघडण्याची मुभा मिळते. कळफलकावरील कळ दाबणे, माउसचे बटण दाबणे किंवा पडद्यावर टॅप करून बोट उचलणे या कृती धरल्या जातात. एस्केपची कळ धरली जात नाही. पान वरखाली सरकवणे, एखाद्या चित्रावरून माउस नुसता फिरवणे किंवा पान उघडून बसणे यांतून मुभा मिळत नाही.

या मुभेची दोन वैशिष्ट्ये नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाहीत. पहिले असे, की ती फार थोडा वेळ टिकते. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ही मुदत सुमारे ५ सेकंदांची आहे, आणि सर्व्हरच्या उत्तरानंतर उघडल्या जाणाऱ्या खिडक्यांबाबत सफारी याहून कडक आहे. आपल्याकडे गाळ साचलेल्या खाडीच्या मुखातून होडी भरतीच्या पाण्यावरच आत घ्यावी लागते आणि ओहोटी लागली की खोळंबून राहावे लागते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की येथे पुढची भरती वापरकर्त्याच्या पुढच्या टॅपशिवाय येत नाही. दुसरे वैशिष्ट्य असे, की खिडकी उघडली की मुभा खर्च होते. एकाच क्लिकमध्ये पावती आणि बागेच्या नकाशाची खिडकी अशा दोन्ही उघडू पाहिल्यास पहिली उघडते आणि दुसरी बहुधा अडते.

पायरी १ : परत आलेली किंमत तपासणे

खिडकी उघडण्यासाठी विंडो या ऑब्जेक्टचे ओपन हे फंक्शन वापरतात. त्याला तीन गोष्टी देता येतात : उघडायच्या पानाचा पत्ता, खिडकीचे नाव, आणि रुंदी-उंचीसारखी वैशिष्ट्ये. काम झाल्यावर हे फंक्शन एक किंमत परत करते, आणि सगळी तपासणी त्या किंमतीवर उभी आहे. खिडकी उघडली असेल तर तिचा निर्देश करणारा ऑब्जेक्ट मिळतो. ब्राउझरने ती अडवली असेल तर नल, म्हणजे ‘काहीही नाही’, अशी किंमत मिळते.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी, की विंडो डॉट ओपनची किंमत नेहमी एका व्हेरिएबलमध्ये साठवावी आणि लगेच पुढच्या ओळीत ती नल आहे का हे पाहावे. नल असेल तर खिडकी अडली आहे असे धरून वापरकर्त्याला पर्याय दाखवावा. नल नसेल तर पुढचे काम चालू ठेवावे. निम्म्याहून अधिक कामासाठी एवढी एक अट पुरते.

ही ओळ ट्राय आणि कॅच यांच्या जोडीत ठेवणे इष्ट आहे, कारण पत्ता मुळातच चुकीच्या रूपात लिहिलेला असेल तर ओपन नल परत न करता त्रुटी फेकते आणि पुढचा सगळा कोड तेथेच थांबतो. ती चूक आपली असते, पॉप-अप अडवणाऱ्या सोयीची नसते. तेव्हा कॅचमध्ये आलेल्या त्रुटीला ‘खिडकी अडली’ असे म्हणून मोकळे होऊ नये.

जुन्या कोडमध्ये याच जागी तीन अटी एकत्र लिहिलेल्या आढळतात : किंमत रिकामी आहे का, खिडकी बंद झाली आहे हे सांगणारा तिचा क्लोज्ड हा गुणधर्म खरा आहे का, आणि तो गुणधर्म मुळात अस्तित्वात आहे का. एका काळी काही ब्राउझर अडवलेल्या खिडकीचाही ऑब्जेक्ट परत देत असत, क्रोमच्या जुन्या आवृत्त्यांत तर त्या ऑब्जेक्टची उंची शून्य भरत असे, आणि त्यामुळे लोकांनी काही मिलिसेकंद थांबून उंची मोजण्याच्या युक्त्या शोधल्या होत्या. आजच्या क्रोम, फायरफॉक्स, एज आणि सफारीसाठी उंची मोजण्याची गरज नाही. शिवाय ती युक्ती धोक्याचीही आहे : खिडकीत दुसऱ्या संकेतस्थळाचे पान उघडले असेल तर तिची उंची वाचण्यास ब्राउझर मनाई करतो आणि सुरक्षिततेची त्रुटी फेकतो, म्हणजे व्यवस्थित उघडलेली खिडकी आपला कोड अडलेली ठरवतो. क्लोज्ड हा गुणधर्म मात्र परक्या संकेतस्थळाच्या खिडकीबाबतही वाचता येतो.

पायरी २ : नोओपनरचा चकवा ओळखणे

खिडकी डोळ्यांसमोर उघडते आणि तरीही कोड ‘अडली’ असे सांगतो, अशी तक्रार आली तर मी प्रथम तिसऱ्या जागी दिलेली वैशिष्ट्ये वाचतो. तेथे नोओपनर किंवा नोरेफरर हा शब्द असेल तर कारण सापडले असे समजावे. नोओपनरचा अर्थच असा आहे, की नव्या खिडकीचा आणि जुन्या पानाचा परस्परांशी संबंध राहू नये. त्यामुळे खिडकी यशस्वीपणे उघडली तरी ओपन नलच परत करते. नोरेफररमध्ये नोओपनर आपोआप अंतर्भूत असतो.

येथे निवड करावीच लागते. अनोळखी संकेतस्थळाचे पान उघडायचे असेल तर नोओपनर ठेवावा आणि परत आलेल्या किंमतीवरून काहीही ठरवू नये. किंबहुना अशा वेळी ओपन वापरण्याऐवजी साधा दुवाच द्यावा. आपल्याच संकेतस्थळाची पावती उघडायची असेल तर नोओपनर काढून टाकावा, म्हणजे तपासणीला अर्थ राहतो. कोणीतरी ‘सुरक्षिततेसाठी घाला’ म्हटले म्हणून तो शब्द सगळीकडे चिकटवलेला असतो आणि नंतर दोन दिवस तपासणीचा कोड उलटापालटा केला जातो. माझे स्वतःचे असे दोन दिवस गेलेले आहेत.

पायरी ३ : थोडे थांबून पुन्हा पाहणे

ब्राउझरने खिडकी उघडू दिली, पण जाहिराती रोखणाऱ्या एखाद्या एक्स्टेन्शनने ती क्षणार्धात बंद केली, असेही घडते. त्या वेळी ओपनने ऑब्जेक्ट परत दिलेला असतो, म्हणून पहिली पायरी हे पकडू शकत नाही. यासाठी ठरावीक वेळाने कोड चालवणारे सेटटाइमआउट हे फंक्शन वापरून सुमारे एका सेकंदानंतर क्लोज्ड गुणधर्म पुन्हा वाचावा. तो खरा निघाला तर खिडकी बंद झालेली आहे. ती एक्स्टेन्शनने बंद केली की वापरकर्त्याने स्वतः, हे कोडला कळत नाही. म्हणून संदेशाची भाषा आरोपाची नसावी. ‘पावतीची खिडकी बंद झालेली दिसते, पुन्हा उघडायची असल्यास येथे दाबा’ असे लिहिले की दोन्ही शक्यता सांभाळल्या जातात.

या पायरीलाही एक अपवाद आहे आणि तो पैसे भरण्याच्या पानांवर हमखास गाठतो. काही संकेतस्थळे आपल्या पानाबरोबर क्रॉस ओरिजिन ओपनर पॉलिसी नावाचे हेडर, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, पाठवतात. त्याची किंमत सेम ओरिजिन असेल तर ते पान उघडताक्षणी ब्राउझर दोन खिडक्यांमधला धागा तोडतो, आणि आपल्या बाजूला क्लोज्ड खरा दिसू लागतो, जरी ग्राहक त्या खिडकीत शांतपणे आपला पिन टाकत बसलेला असला तरी. अशा वेळी ‘खिडकी बंद झाली, पुन्हा पैसे भरा’ असा संदेश दाखवणे म्हणजे ग्राहकाला दोनदा पैसे भरायला लावण्याची व्यवस्था करणे होय. व्यवहार पूर्ण झाला की नाही याचा निर्णय खिडकीच्या स्थितीवरून कधीही करू नये. तो सर्व्हरला विचारूनच करावा.

पायरी ४ : नव्या पानाकडून पोच घेणे

खिडकीत उघडणारे पान आपलेच असेल तर सर्वांत भक्कम पुरावा त्या पानाकडूनच मिळवता येतो. नवे पान पूर्ण चढले की त्याने, आपल्याला उघडणाऱ्या पानाचा निर्देश करणाऱ्या ओपनर या ऑब्जेक्टमार्फत, पोस्टमेसेज वापरून जुन्या पानाला ‘पोहोचलो’ असा छोटा निरोप पाठवावा, आणि जुन्या पानाने मेसेज या घटनेकडे कान ठेवावा. निरोप आला की खिडकी उघडली, पान चढले आणि त्यातला कोडही चालला, या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. निरोप स्वीकारताना घटनेसोबत येणारा ओरिजिन (निरोप कोठून आला ते सांगणारा) हा गुणधर्म आपल्याच संकेतस्थळाचा आहे का हे तपासणे आवश्यक आहे, अन्यथा कोणतेही परके पान खोटी पोच देऊ शकते. नोओपनर ठेवायचाच असेल तर, दोन्ही पाने एकाच संकेतस्थळाची असल्यास, पोस्टमेसेजऐवजी ब्रॉडकास्ट चॅनल, म्हणजे एकाच संकेतस्थळाच्या पानांमधला निरोपांचा मार्ग, वापरता येतो. सफारीत तो १५.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

निरोपाची वाट किती पाहावी, हा कोकणात तरी गंभीर प्रश्न आहे. पुण्यातल्या कार्यालयात तीन सेकंद पुरेसे वाटतात. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर किंवा गुहागरच्या एखाद्या वाडीत तीन सेकंदांत पानाचे शीर्षकही येईलच असे नाही. म्हणून निरोप न येणे याचा अर्थ ‘अडली’ असा न घेता ‘अजून कळलेले नाही’ असा घ्यावा, आणि अडल्याचा निष्कर्ष फक्त नल किंमतीवरून काढावा.

नेव्हिगेटर ऑब्जेक्टखाली यूझर ॲक्टिव्हेशन नावाची एक सोय आहे, तिचाही येथे उल्लेख करणे योग्य ठरेल. तिचा इज ॲक्टिव्ह हा गुणधर्म मुभा या क्षणी चालू आहे का ते सांगतो. क्रोममध्ये ती ७२ पासून, सफारीत १६.४ पासून आणि फायरफॉक्समध्ये १२० पासून मिळते. तिच्यावरून खिडकी उघडावी की नाही हे ठरवू नये, कारण वापरकर्त्याने आपल्या संकेतस्थळाला कायमची परवानगी दिलेली असेल तर मुभा संपल्यावरही खिडकी उघडते. परंतु खिडकी अडली तेव्हा हा गुणधर्म काय होता, याची नोंद ठेवली तर निदान झटकन होते : तो खोटा असेल तर आपण उशीर केला, आणि खरा असूनही नल आला असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. पॉप-अपला परवानगी आहे का, असे परवानग्यांच्या क्वेरी फंक्शनला आधीच विचारून ठेवण्याची सोय मात्र नाही. उघडून पाहणे हाच एक मार्ग आहे.

पायरी ५ : अडणारच नाही अशी रचना करणे

आता देवगडच्या पावतीकडे परत येऊ. दोष क्रमात होता : आधी सर्व्हरची वाट पाहणे आणि मग खिडकी उघडणे. क्रम उलटा केला की प्रश्न सुटतो. क्लिक हाताळणाऱ्या फंक्शनच्या अगदी पहिल्या ओळीत, कोणत्याही अवेटच्या, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या ओळीच्या, आधी, रिकामी खिडकी उघडावी आणि परत आलेली किंमत तपासावी. त्या खिडकीत ‘पावती तयार होत आहे, कृपया थांबा’ एवढा मजकूर लिहावा, कारण पांढरी रिकामी खिडकी दिसली की माणूस ती बंद करतो. त्यानंतर सर्व्हरकडे क्रमांक मागावा, तो मिळाल्यावर त्याच खिडकीच्या लोकेशनला पावतीचा पत्ता द्यावा, आणि सर्व्हरने नकार दिला तर ती खिडकी आपणच बंद करून मूळ पानावर कारण सांगावे. खिडकी टॅपच्या क्षणीच उघडलेली असल्यामुळे पुढे सर्व्हरने पाच सेकंद घेतले काय किंवा पन्नास घेतले काय, ब्राउझरला त्याचे काही वाटत नाही.

ही पद्धत बहुतेक ठिकाणी शिकवली जाते आणि ती बरोबरही आहे, पण फोनवर तिच्यात एक उणीव राहते. नवी खिडकी उघडली की फोनवर ती नव्या टॅबच्या रूपात पुढे येते, मूळ पान मागे जाते, आणि मागे गेलेल्या पानाची कामे फोनचा ब्राउझर मंदावतो. म्हणजे क्रमांक आणण्याचे काम नेमके त्याच पानावर सोपवले जाते जे झोपी जाण्याच्या बेतात आहे. त्यामुळे मी आता रिकामी खिडकी न उघडता आपल्याच संकेतस्थळावरचे एक हलके ‘थांबा’ पान उघडतो, त्याच्या पत्त्यात मागणीची खूण देतो, आणि सर्व्हरकडे पावती मागण्याचे काम त्या पुढच्या पानालाच करू देतो. मूळ पानाने फक्त नल तपासायचा आणि बटण निष्क्रिय करायचे. बटण निष्क्रिय केल्याने एका पेटीच्या चार नोंदी होण्याचा प्रकारही पुष्कळ कमी होतो, तरी सर्व्हरनेही एकाच खुणेची मागणी दोनदा नोंदू नये.

पैसे भरण्याच्या पानांना बहुधा फॉर्म पाठवून जावे लागते. फॉर्मचे लक्ष्य नवी खिडकी ठेवून तो कोडमधून सबमिट केला आणि मुभा संपलेली असली, तर ती खिडकीही अडते. परंतु सबमिट कोणतीही किंमत परत करत नसल्यामुळे अडल्याचे कळत नाही. यावर उपाय असा, की क्लिकच्या क्षणी ओपनला एक नाव देऊन खिडकी उघडावी, नल तपासावा, आणि नंतर फॉर्मच्या टार्गेटमध्ये तेच नाव लिहून तो पाठवावा. नाव दिल्याचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा : त्या नावाची खिडकी आधीच उघडी असेल तर ओपन नवी न उघडता तीच परत देते, आणि ती इतर खिडक्यांच्या मागे दडलेली असू शकते. म्हणून तिच्यावर फोकस हे फंक्शन चालवावे.

एवढे सगळे करण्याआधी वेगळी खिडकी खरोखर हवी आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारणे बरे. पत्ता आधीच माहीत असेल तर टार्गेटमध्ये ब्लँक लिहिलेला साधा दुवा पुरतो. त्यावर माणसाने स्वतः टॅप केल्यामुळे तो सहसा अडत नाही आणि त्याला जावास्क्रिप्टही लागत नाही. होमस्टेच्या खोल्यांची छायाचित्रे, तारकर्लीच्या रस्त्याचा नकाशा, बोटीचे वेळापत्रक यांसाठी ओपन वापरण्याचे काहीच कारण नाही. पावतीसुद्धा त्याच पानावर दाखवून छपाईची सोय दिली तर बहुतेक ग्राहकांची तक्रार नसते. मी ती खिडकी ठेवली, कारण बागायतदारांना मागणीचे पान उघडे ठेवून पावती बाजूला हवी होती.

पायरी ६ : अडल्यावर काय सांगावे

नल आला की अलर्टचा डबा दाखवू नये. बटणाच्या शेजारीच एक ओळ आणि एक दुवा दाखवावा : ‘ब्राउझरने पावतीची खिडकी अडवली. पावती येथे उघडा.’ या दुव्यावरचा टॅप ही नवी कृती असते, त्यामुळे नवी मुभा मिळते आणि पावती उघडते. वापरकर्त्याला कोणतेही सेटिंग बदलावे लागत नाही, आणि ‘पॉप-अप चालू करा’ अशा आज्ञा वाचून भांबावलेल्या काकांना फोनवर समजावत बसण्याची वेळ येत नाही.

तरीही ज्या कार्यालयीन कामात वारंवार खिडक्या उघडाव्या लागतात, तेथे कायमची परवानगी कशी द्यावी हे सांगावे लागते. संगणकावरील क्रोममध्ये अडवलेल्या खिडकीचे चिन्ह ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला येते आणि तेथूनच त्या संकेतस्थळाला परवानगी देता येते. फायरफॉक्स पानाच्या वर एक पट्टी दाखवतो आणि तिच्यावरच्या बटणात परवानगीचा पर्याय असतो. मॅकवरील सफारीत सेटिंगमधल्या वेबसाइट्स या भागात पॉप-अप विंडोजची यादी असते. आयफोनवर ही सोय सेटिंग्ज ॲपमध्ये सफारीच्या पानावर ‘ब्लॉक पॉप-अप्स’ या नावाने असते. ती एका संकेतस्थळापुरती नसून सफारीतील सर्व संकेतस्थळांसाठी असल्यामुळे मी ती बंद करण्याचा सल्ला ग्राहकांना देत नाही. एका पावतीसाठी माणसाला सगळ्या जाहिरातींपुढे उघडे पाडणे योग्य नाही.

पायरी ७ : चाचणी खऱ्या परिस्थितीत घेणे

येथे बहुतेकांची फसगत होते, कारण अडवणूक चाचणीच्या वेळी दिसतच नाही. क्रोमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कोड थेट टंकून चालवण्याच्या विकासक साधनात, ओपनची ओळ टंकून पाहिली तर खिडकी उघडते, याचे कारण कन्सोलमधून चालवलेला कोड वापरकर्त्याची कृती म्हणूनच धरला जातो. कन्सोलच्या सेटिंगमध्ये ही खूण मुळात चालू असते. स्वयंचलित चाचण्यांसाठी क्रोमड्रायव्हर किंवा पपेटियर वापरत असाल तर ती साधने क्रोम सुरू करतानाच पॉप-अप अडवणे बंद करतात, त्यामुळे तेथे हिरवी खूण मिळाली तरी तिला अर्थ नसतो. आणि आपण स्वतः महिन्याभरापूर्वी कंटाळून आपल्याच संकेतस्थळाला परवानगी देऊन ठेवलेली असते, ती तर हटकून विसरलेली असते. चाचणीआधी त्या संकेतस्थळाच्या परवानग्या पूर्ववत कराव्यात.

अडवणूक मुद्दाम घडवून पाहायची असेल तर क्लिकनंतर सेटटाइमआउटने दहा सेकंद थांबून खिडकी उघडावी. तपासणीचा कोड बरोबर असेल तर पर्यायी दुवा दिसला पाहिजे. त्यानंतर क्लिकच्या पहिल्याच ओळीत उघडून पाहावे. दुवा दिसता कामा नये. पान आयफ्रेममध्ये, म्हणजे दुसऱ्या पानातल्या चौकटीत, बसणार असेल आणि त्या आयफ्रेमला सँडबॉक्स, म्हणजे निर्बंध घालणारा गुणधर्म, लावलेला असेल, तर अलाऊ पॉप-अप्स हा शब्द नसताना खिडकी टॅप करूनही उघडत नाही. इज ॲक्टिव्ह खरा असूनही नल येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. समाजमाध्यमांच्या ॲपमधून आलेल्या ग्राहकांचा वेगळा विचार करावा, कारण अशी काही ॲप्स दुवा आपल्याच आतल्या पडद्यावर उघडतात. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे ॲपच्या आत पान दाखवणाऱ्या भागात, अनेक खिडक्यांची सोय मुळात बंद असते आणि आयफोनवरील ॲपने खास सोय केली नसेल तर ओपन नल देते. तेथेही पर्यायी दुवा त्याच पडद्यावर उघडेल असा ठेवला तर ग्राहक अडकत नाही.

जोडणी मुद्दाम मंद करण्याची सोय ब्राउझरच्या विकासक साधनांत नेटवर्क या भागात असते आणि ती प्रत्येक चाचणीत वापरावी. तरीही मी शेवटची फेरी टेबलावर घेत नाही. दुरुस्तीनंतर मी बागेत गेलो, बागायतदारांचाच फोन मागून घेतला, आणि रेंजची एकच कांडी दिसत असताना ‘पावती पाहा’ दाबले. ‘थांबा’ पानाचा टॅब लगेच पुढे आला. त्यात पावती उतरायला १४ सेकंद लागले, आणि सर्व्हरवर या वेळी नोंद एकच होती.